लेन्स घालायचं ठरवलंय? मग आधी पाण्याचं बघा

कॉन्टॅक्ट लेन्सचं विचारायला लोक दुकानात येतात तेव्हा पहिला प्रश्न असतो कितीला बसते, दुसरा असतो टोचते का, आणि तिसरा, तो बहुतेक मुलींच्या आयांचा, की डोळ्याच्या मागं जाऊन अडकली तर काय करायचं. धुवायची कशानं, रात्री ठेवायची कशात, हात कशाला पुसायचे हे फारसं कुणी विचारत नाही. मी सोलापुरात चष्म्याच्या दुकानात नंबर तपासायला आणि लेन्स बसवून द्यायला बसते, त्यामुळं सांगते की लेन्सनं डोळा बिघडतो तो बहुतेक वेळा या न विचारलेल्या गोष्टींमुळंच बिघडतो, महागडी लेन्स असो की स्वस्त. म्हणून हे सगळं एकदा सविस्तर लिहून काढतेय.

आधी ती अडकण्याची भीती घालवू. लेन्स डोळ्याच्या मागं जाऊच शकत नाही. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर जो पातळ पडदा असतो तोच पुढं वळून पापणीच्या आतल्या बाजूला जातो, म्हणजे वरची आणि खालची दोन्ही वाट बंद. फार तर लेन्स वरच्या पापणीखाली सरकून घडी होऊन बसते. तसं झालं तर बोटं खुपसत बसू नका, लेन्सवर चालणारे ओलावा देणारे ड्रॉप दोन-तीन थेंब टाका, खाली बघा, पापणी मिटून वरून हलक्या हातानं चोळत आणा, येते खाली. नाहीच आली तर तपासणाऱ्याकडं जा, त्यांना ते दोन मिनिटांचं काम आहे. टोचण्याचं म्हणाल तर सॉफ्ट लेन्स नीट बसली की थोड्या वेळात ती आहे हेच विसरायला होतं. टोचतच राहिली तर सवय होईल म्हणून सहन करायचं नाही, काढून बघायची, उलटी लागलीय का, कडा फाटलीय का, काही कण चिकटलाय का.

आता खरं समजून घ्यायचं ते हे. आपल्या बुबुळाच्या पुढं काचेसारखा स्वच्छ पडदा असतो, कॉर्निया, मध्यभागी त्याची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर. शरीराच्या बाकीच्या भागांना ऑक्सिजन रक्तातून मिळतो पण या कॉर्नियात रक्तवाहिन्याच नाहीत, असत्या तर त्यातून आरपार दिसलंच नसतं. मग हा ऑक्सिजन घेतो कुठून, तर सरळ हवेतून, अश्रूंच्या पातळ थरात जेवढा विरघळतो तेवढा. रात्री डोळे मिटले की पापणीच्या आतल्या रक्तवाहिन्यांकडून थोडाफार मिळतो, दिवसापेक्षा बराच कमी. आणि आपण नेमकी या पडद्यावरच लेन्स ठेवतो. नाकातोंडावर ओला रुमाल धरून श्वास घ्यायचा असं समजा, रुमाल पातळ असेल आणि थोडाच वेळ धरायचा असेल तर निभतं, जाड असेल आणि रात्रभर तसाच ठेवायचा म्हटलं तर जीव घुसमटणारच.

कॉर्निया घुसमटला की काय होतं? आधी तो किंचित सुजतो, मग संध्याकाळी धुरकट दिसतं, लाइटभोवती वलय दिसतं, लोक म्हणतात डोळे थकले. वर्षानुवर्षं असंच चाललं तर कडेकडेनं बारीक रक्तवाहिन्या कॉर्नियात शिरायला लागतात, ऑक्सिजन आणायला म्हणून, आणि याचं वाईट म्हणजे दुखत काहीच नाही, मायक्रोस्कोपखाली बघितल्याशिवाय कळत नाही. शिवाय घुसमटलेल्या कॉर्नियाची वरची कातडी कमजोर होते, तिला बारीक बारीक खरचटतं, आणि निरोगी डोळ्यात सहसा जंतूंना जी वाट सापडत नाही ती इथं आयती मिळते. लेन्सचे जवळजवळ सगळे नियम या दोनच गोष्टींतून येतात, डोळ्याला हवा मिळाली पाहिजे आणि लेन्सवरून जंतू आत जाता कामा नयेत. हे डोक्यात बसलं की पुढचं काही पाठ करायची गरज राहत नाही.

लेन्सचं मटेरियल बदलत गेलं तेही हवेच्याच पायी. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शेवटी पहिल्या लेन्स आल्या त्या काचेच्या होत्या, अख्ख्या डोळ्यावर बसणाऱ्या, काही तासांच्या वर कुणाला सहन व्हायच्या नाहीत. नंतर कडक प्लॅस्टिक आलं. आज आपण जिला सॉफ्ट लेन्स म्हणतो ती प्रागमधल्या ओटो विख्टरले नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं शोधलेल्या पाणी शोषणाऱ्या मऊ प्लॅस्टिकची, आणि १९६१ च्या नाताळात त्यानं मुलाच्या मेर्कुर नावाच्या खेळण्यातल्या पट्ट्या-चाकं जोडून घरातच मशीन बनवलं, ते गरगर फिरवून त्यावर पहिल्या चांगल्या सॉफ्ट लेन्स काढल्या. मला ही गोष्ट फार आवडते. अमेरिकेत अशा लेन्सला १९७१ मध्ये मंजुरी मिळाली. त्या मऊ होत्या, आरामदायक होत्या, पण त्यांच्यातून ऑक्सिजन जायचा तो फक्त लेन्समधल्या पाण्यातून, म्हणजे बेताचाच. मग १९९९ च्या सुमारास सिलिकॉन हायड्रोजेल आलं, त्यात ऑक्सिजन सिलिकॉनमधून जातो आणि जुन्या सॉफ्ट लेन्सच्या कितीतरी पट जातो. म्हणून आज रोज आठ-दहा तास लेन्स घालणार असाल तर सिलिकॉन हायड्रोजेलचीच मागा, डब्यावर लिहिलेलं असतं, नसेल दिसत तर विचारा.

डब्यावर पाण्याचं प्रमाणही लिहिलेलं असतं, ३८ टक्के, ५५ टक्के वगैरे, आणि लोकांना वाटतं जास्त पाणी म्हणजे डोळा जास्त ओला. बऱ्याचदा उलटं होतं. जास्त पाण्याची लेन्स वाळायला लागली की तेच पाणी भरून काढायला डोळ्यातला ओलावा ओढते. ज्यांचे डोळे मुळातच कोरडे आहेत, दिवसभर एसीत कॉम्प्युटरपुढं बसून काम आहे, त्यांना कमी पाण्याची सिलिकॉनवाली जास्त बरी पडते असं मी बघितलंय. अर्थात डोळ्याडोळ्यावर आहे.

नंबरचं आता. "मॅडम, चष्म्याचा नंबर आहे की माझ्याकडं, त्यावरच द्या की" हे तर रोजचं वाक्य. चष्मा डोळ्यापासून साधारण १२ मिलिमीटर लांब असतो, लेन्स डोळ्यावरच असते, त्यामुळं नंबर चारच्या वर गेला की दोन्हीचे आकडे वेगळे होतात. चष्म्याचा मायनस ६ असेल तर लेन्स साधारण मायनस ५.५० लागते, मायनस ८ ची मायनस ७.२५ होते, आणि प्लसवाल्यांचं उलटं, प्लस ६ ला लेन्स प्लस ६.५० च्या आसपास. सिलिंडर म्हणजे तिरपा नंबर जास्त असेल तर टोरिक लेन्स लागते, ती डोळ्यात गोल फिरता कामा नये, एका ठरलेल्या बाजूलाच राहिली पाहिजे, म्हणून ती बसवून, दहा-पंधरा मिनिटं थांबून, किती फिरली ते बघावं लागतं. आणि नंबरशिवाय दोन आकडे असतात ते चष्म्याच्या कागदावर कधीच नसतात, बेस कर्व्ह म्हणजे लेन्सचा बाक, ८.४, ८.६ असा, आणि व्यास, १४ मिलिमीटरच्या आसपास. बाक डोळ्याशी जुळला नाही तर लेन्स एक तर सैल होऊन प्रत्येक पापणीबरोबर हलते नाहीतर घट्ट चिकटून बसते. घट्टवाली जास्त वाईट, कारण सुरुवातीला ती छान वाटते, हलत नाही, टोचत नाही, आणि खाली अडकलेले अश्रू बदलायचे थांबतात, संध्याकाळपर्यंत डोळा लाल. हे कागदावरून किंवा मोबाइलवर ऑर्डर देऊन कळायचं नाही, डोळ्यात ट्रायल लेन्स घालून, मशीनखाली ती पापणीबरोबर किती हलते ते बघूनच कळतं. एकदा लेन्स ठरली की पुढच्या वेळी तीच ऑनलाइन मागवा, त्याला माझी ना नाही, पण वर्षातनं एकदा डोळे दाखवाच.

चष्म्यानं नीट दिसतच नाही, नंबर दर सहा महिन्याला बदलतोय, पोरगं सारखं डोळे चोळतंय, असं असलं तर कॉर्निया मधोमध टोकदार होत असण्याची शक्यता असते, केराटोकोनस म्हणतात त्याला. तिथं दुकानात लेन्स घ्यायचा प्रश्नच नाही, आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडं कॉर्नियाची टोपोग्राफी म्हणजे त्याच्या उंचसखलपणाचा नकाशा काढायचा, आणि मग कडक लेन्स नाहीतर मोठी स्क्लेरल लेन्स, जी कॉर्नियाला न टेकता त्याच्यावरून बाहेर पांढऱ्यावर टेकते. ज्यांना चष्म्यानं काहीच फरक पडत नव्हता त्यांना अशा लेन्सनं पहिल्यांदा फळ्यावरचं वाचता येतं, तो क्षण बघण्यासारखा असतो. चाळिशीवाल्यांना मल्टिफोकल मिळतात, सगळ्यांना मानवतात असं नाही, पैसे देण्याआधी ट्रायल घालून मोबाइल आणि लांबची पाटी दोन्ही वाचून बघा. डायबेटिस असेल, अॅलर्जीनं डोळे सारखे खाजत असतील, पापण्यांच्या कडेला खपल्या धरत असतील तर आधी डॉक्टरांना विचारून मगच. लहान मुलांना द्यायची का विचारतात, वयापेक्षा मी हे बघते की पोरगी सांगितल्याशिवाय हात धुते का, स्वतःचा डबा स्वतः घासते का.

डेली, मंथली की वर्षाची? मला विचाराल तर परवडत असेल त्यांनी डेली, डोळे मिटून डेली. सकाळी नवीन उघडायची, रात्री टाकून द्यायची, ना सोल्युशन म्हणजे लेन्स धुवायचं, बुडवून ठेवायचं जंतुनाशक द्रव, ना ती ठेवायची डबी. आणि जे फक्त लग्नकार्याला, नाचाच्या प्रोग्रामला, मॅचला घालणार त्यांना तर डेलीच स्वस्त पडते, कारण मंथलीचं पाकीट एकदा फोडलं की महिना सुरू झाला. हा गैरसमज सगळ्यात जास्त आहे. मंथली म्हणजे तीस वेळा घालायची नव्हे, उघडल्यापासून तीस दिवस, मग त्यात तुम्ही चार वेळाच घातली असली तरी. डबीत पडून पडून ती काही ताजी राहत नाही. वर्षाच्या लेन्स अजून विकल्या जातात, स्वस्त दिसतात म्हणून कॉलेजची पोरं घेतात, पण अश्रूतलं प्रोटीन, तेल, धूळ त्यांच्यावर महिन्यामागनं महिने बसत जातं आणि मग वरच्या पापणीच्या आत खडबडीत फोड येतात, खाज सुटते, लेन्सच नको होते. मी वर्षाची सुचवत नाही. डेली एकदा काढली की पुन्हा घालायची नाही, सोल्युशनमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी वापरणारे पण भेटतात, त्यांच्यासाठी मंथली परवडली.

कलर लेन्सचं वेगळं सांगावं लागतं. नंबर नसला तरी ती लेन्सच आहे, तिलाही बाक आहे, व्यास आहे, आणि रंगाच्या थरामुळं काहींतून हवा अजून कमी जाते. लग्नात नवरीला मेकअपवाली तिच्याकडची लेन्स घालते, तीच लेन्स मागच्या आठवड्यात दुसऱ्या नवरीच्या डोळ्यात असते. असलं कधीही करू नका, अगदी सख्ख्या बहिणीची सुद्धा घालू नका. लग्न ठरलं की महिनाभर आधी स्वतःची डेली कलर लेन्स तपासून घ्या, दोन-तीनदा घालून बघा, आणि त्या दिवशी आधी लेन्स, मग काजळ-मेकअप, काढताना आधी लेन्स आणि मग मेकअप. काजळ पापणीच्या आतल्या कडेला न लावता बाहेरून लावा.

आता पाणी, हे लिहायचं म्हणून तर एवढं सगळं लिहायला घेतलं. लेन्सला पाणी लागता कामा नये. कुठलंही. नळाचं नाही, बोअरचं नाही, जारचं नाही, आरओचं नाही, उकळून गार केलेलं सुद्धा नाही. लोक म्हणतात प्यायचं पाणी आहे की, त्याला काय होतंय. पोटात गेलेलं पाणी आणि डोळ्यावर लेन्सखाली अडकलेलं पाणी यात फरक आहे. पाण्यात, मातीत, अॅकँथअमिबा नावाचा एकपेशीय जीव असतो, सगळीकडं असतो, पोटाला त्याचं काही नाही. पण तो लेन्सला चिकटून डोळ्यावर गेला आणि कॉर्नियाला बारीकसं खरचटलेलं असलं की तो आत शिरतो आणि कॉर्निया खायला लागतो. परिस्थिती वाईट झाली की तो भोवती कवच करून बसतो, त्या कवचाला पाण्यातलं क्लोरीन पुरत नाही आणि औषधं पण सहजासहजी लागू पडत नाहीत. उपचार महिनोन्महिने चालतात, सुरुवातीला दर तासाला ड्रॉप टाकावे लागतात, रात्री पण, आणि तरी डोळ्यात फूल पडून राहू शकतं, कधी कॉर्निया बदलायची वेळ येते. हा आजार एरवी दुर्मिळ, पण अमेरिकेत ज्यांना होतो त्यांच्यात साधारण ८५ टक्के लेन्स घालणारे असतात. तिकडं १९८० च्या दशकात याचे बरेच रुग्ण सापडले तेव्हा मिठाच्या गोळ्या पाण्यात विरघळवून घरीच सलाइन बनवणारे त्यात पुष्कळ निघाले होते.

आणि आपल्याकडं पाण्याची काय तऱ्हा आहे ते तुम्हाला माहीत आहे. उजनी धरण भरलेलं असलं तरी गेली कित्येक वर्षं सोलापुरात नळाला पाणी चार-चार पाच-पाच दिवसांनी आलंय, आलं की पिंपं, बॅरल, हौद, गच्चीवरची टाकी सगळं भरून ठेवायचं आणि पुढच्या पाण्यापर्यंत पुरवायचं. साठून राहिलेलं पाणी, टाकीच्या तळाला गाळ, भिंतीला शेवाळी थर, असल्या ठिकाणी हे जीव मजेत राहतात. मी कुणाच्या घराला नावं ठेवत नाही, सगळ्यांच्याच घरी असंच आहे, माझ्या पण. म्हणून तर सोलापूरकरानं पुण्या-मुंबईवाल्यापेक्षा जास्त जपायचं. अंघोळीला जायच्या आधी लेन्स घालायची नाही, अंघोळ झाल्यावर घालायची. बाहेरून आल्यावर तोंडावर पाणी मारायची आपली सवय असते, उन्हाळ्यात तर फारच, लेन्स असेल तर ओल्या रुमालानं तोंड पुसा, डोळे सोडून. पोहायला जाताना, विहिरीवर जाताना लेन्स घरी. पावसात भिजलात, डोळ्यात पाणी गेलं, तर घरी येऊन हात धुऊन पुसून लेन्स काढा, डेली असेल तर टाकून द्या, मंथली असेल तर चोळून सोल्युशनमध्ये पूर्ण वेळ ठेवा. डबी पाण्यानं धुवायची नाही, सोल्युशननंच खळबळून, आतून स्वच्छ बोटानं चोळून, ओतून टाकून, टिश्यूवर पालथी घालून वाळवायची, झाकणं पण उघडी पालथी, आणि बाथरूममध्ये नको, कपाटात ठेवा. दर तीन महिन्याला नवी डबी. सोल्युशनच्या बाटलीबरोबर बऱ्याचदा एक येतेच, लोक ती जपून ठेवतात आणि जुनीच वापरतात, कशाला?

मग हात तर पाण्यानंच धुवायचे ना, बरोबर आहे. साबण लावून नीट धुवा, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे पूर्ण कोरडे करा, बोटाचा शेंडा ओला असेल तर तेच पाणी लेन्सवर जातं. आणि पुसायचे कशाला? आपलं गाव टॉवेल-चादरीचं, प्रत्येक घरात मऊसूत टेरी टॉवेल, पण त्याची लव सुटते आणि एक बारीक तंतू लेन्सखाली गेला की दिवसभर खुपतं. लेन्ससाठी बिनलवीचा सुती रुमाल वेगळा ठेवा, रोज धुतलेला. सुगंधी, तेलकट साबण नको, त्याचा थर लेन्सवर चढतो. मिरची, शेंगाचटणी हातानं कालवली असेल तर साबणानं दोनदा धुतलं तरी तिखट बोटांत राहतं हे आपल्याला माहीत आहे, म्हणून सकाळी लेन्स घालून मग स्वयंपाक हा क्रम ठेवा, आणि रात्री काढायच्या वेळी तेल लावून बोटं आधी पुसून घेऊन मग साबणानं धुवा. ज्या घरात विड्या वळतात तिथं तंबाखूची बारीक भुकटी बोटांवर, नखांत बसलेली असते, त्यांनी तर डेलीच घ्यावी आणि कामाला बसताना चष्मा लावावा.

घालायची पद्धत दुकानात शिकून घ्या, शिकवल्याशिवाय लेन्स घेऊन घरी जाऊ नका. नेहमी उजव्या डोळ्यापासून सुरू करा म्हणजे अदलाबदल होणार नाही. बोटावर ठेवून बघायची, वाटीसारखा गोल आकार दिसला तर सुलटी, कडा बाहेर बशीसारख्या पसरल्या तर उलटी. रात्री काढली की तळहातावर ठेवून सोल्युशनचे थेंब टाकून बोटानं चोळायची, दोन्ही बाजूंनी, मग सोल्युशननं धुवायची, मग ताजं सोल्युशन भरलेल्या डबीत. बाटलीवर "नो रब" लिहिलेलं असलं तरी चोळा. कालच्याच सोल्युशनमध्ये वरून थोडं नवं ओतायचं हे तर अजिबात नको, त्यानं जंतू मारायची ताकद निम्मी-पाव होत जाते. २००६ मध्ये एका मोठ्या कंपनीचं सोल्युशन बुरशीच्या इन्फेक्शनमुळं जगभरातून मागं घ्यावं लागलं, त्याच्या तपासात ही वरून ओतायची सवय पण पुढं आली होती. सलाइन म्हणजे सोल्युशन नव्हे, सलाइननं फक्त धुता येतं, जंतू मरत नाहीत. आणि हायड्रोजन पेरॉक्साइडवालं सोल्युशन, ते चांगलं आहे, कवचवाल्या जिवांवर पण जास्त चालतं, पण ते त्याच्याबरोबर मिळालेल्या खास डबीतच, निदान सहा तास ठेवायचं असतं, तेवढ्या वेळात त्यातलं पेरॉक्साइड मोडून डोळ्याला चालणारं सलाइन उरतं. त्याआधी किंवा साध्या डबीत ठेवून डोळ्यात घातलं तर डोळा भाजल्यासारखा होतो, म्हणून घरात दुसऱ्या कुणाच्या हाताला लागेल असं ठेवू नका.

झोप. लेन्स घालून झोपलं की इन्फेक्शनचा धोका सहा ते आठ पटीनं वाढतो, आणि यात दुपारची डुलकी पण आली, रात्रीच्या ट्रॅव्हल्समधली झोप पण आली. पुण्याला निघताना बसमध्ये बसायच्या आधीच लेन्स काढून चष्मा लावा. चष्मा बरोबर असलाच पाहिजे, लेन्स घेतली म्हणून जुना मोडका चष्मा चालवून घेणारे खूप आहेत, मग डोळा लाल झाला तरी दिसत नाही म्हणून लेन्सच घालत राहतात. चालू नंबरचा चष्मा नसेल तर मी लेन्स देतच नाही.

आपला उन्हाळा वेगळा, पारा ४२-४३ ला जातो आणि हवा कोरडी ठक्क. सोल्युशनची बाटली गाडीच्या डिकीत ठेवू नका, तापून त्यातलं औषध खराब होतं. टू-व्हीलरवर हेल्मेटची काच खाली, नाहीतर साधा गॉगल, कारण उडालेला एक कण लेन्सखाली गेला तर हायवेवर डोळा उघडता येत नाही. होम मैदानावर सिद्धेश्वराच्या यात्रेचा गड्डा भरतो तेव्हाची धूळ आणि गर्दी, तिथं पण चष्माच. रंगपंचमीला तर लेन्सचं नावच काढू नका, रंग सॉफ्ट लेन्समध्ये शोषला जातो आणि तासन्‌तास कॉर्नियाला लागून राहतो. चुलीच्या, आगीच्या धगीनं लेन्स डोळ्यात वितळते म्हणतात ते मात्र खरं नाही. मोबाइल बघताना पापण्या लवायच्या कमी होतात म्हणून मुद्दाम लववत राहा, आणि ड्रॉप टाकायचे तर लेन्सवर चालतात असं स्पष्ट लिहिलेलेच, साधे ड्रॉप सॉफ्ट लेन्स शोषून घेते.

आता शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं. डोळा लाल झाला, दुखतोय, उजेड सहन होत नाही, पाणी येतंय, धूसर दिसतंय, यातलं काहीही झालं तर पहिल्यांदा लेन्स काढायची. दोन्ही डोळ्यांची काढा आणि चष्मा लावा. लेन्स काढल्यावर तासा-दोन तासात पूर्ण बरं वाटलं तर ठीक, नाही वाटलं तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडं, उद्यावर टाकायचं नाही. स्युडोमोनास नावाचा एक जंतू आहे, लेन्सवाल्यांत तो सापडतो, आणि तो एक-दोन दिवसांत कॉर्नियाला भोक पाडू शकतो. रात्र असेल, रविवार असेल तर सिव्हिलला जा. वाटेत मेडिकलमधून "लाल झालाय, काहीतरी द्या" म्हणून ड्रॉप आणून टाकू नका, त्यात स्टिरॉइड असलं तर दोन दिवस डोळा छान पांढरा दिसतो आणि आत बुरशी किंवा अमिबा असेल तर तो तेवढ्यात खोलवर जातो. घरातला मागच्या वेळचा उरलेला ड्रॉप नको, गुलाबपाणी नको, मध नको, डोळ्यावर घट्ट पट्टी बांधू नका. डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा की मी लेन्स घालतो किंवा घालते, आणि पाणी लागलं होतं का, घालून झोपलात का ते न लपवता सांगा, ते रागावतील म्हणून गप्प बसू नका, त्यावरून औषध ठरतं. आणि जाताना ती काढलेली लेन्स, डबी, सोल्युशनची बाटली, काहीही न धुता न टाकता जसंच्या तसं पिशवीत घालून घेऊन जा, लॅबला तपासायला दिलं तर जंतू कुठला आहे ते बऱ्याचदा त्या डबीतूनच कळतं.